गोडाचा उतारा

लॅबमधल्या बाईंनी काचेची नळी खिडकीपाशी धरली, तिरकी केली, सरळ केली आणि मग आतल्या सहकारणीला हाक मारली. दोघींनी मिळून ती पाहिली. मकरंद कोपरकर शर्टाची बाही वर सारून, कोपराच्या खळीतला कापूस दाबत समोर बसला होता. आपल्या रक्तात एवढं बघण्यासारखं काय आहे ते त्याला कळेना. पण थोडं बरंही वाटलं. गेल्या कित्येक वर्षांत त्याच्या कुठल्याही कामगिरीकडे दोन माणसांनी एकाच वेळी पाहिलं नव्हतं.

“सार, सकाळी दूध पिऊन आलात?”

“पाणीसुद्धा प्यायलो नाही.”

“रात्री काय खाल्लं?”

“इडली. आणि सपोटा ज्यूस, चिकूचा.”

दोघींनी पुन्हा एकमेकींकडे पाहिलं. आदल्या आठवड्यात यंत्राने जो आकडा दिला तो बघून त्यांना यंत्रच बिघडलं असं वाटलं होतं, म्हणून ही दुसरी खेप. रक्त फिरवून घेतलं की वर जे पाणी सुटतं ते फिकट पिवळं आणि नितळ असावं लागतं. मकरंदचं पांढरंशुभ्र निघालं होतं. दुधाच्या निळ्या पिशवीचं टोक कापून थेट नळीत ओतावं, तसं.

डॉ. हरिप्रिया यांचा दवाखाना त्याच जिन्याने वर होता. त्या प्रश्न तमिळमध्ये विचारत आणि वाईट बातमी इंग्रजीत देत. त्यांनी कागद पाहिला आणि इंग्रजी सुरू केलं, तेव्हाच मकरंदने खुर्चीचा हात धरला.

“ट्रायग्लिसराइड्स. दीडशेच्या आत हवेत. तुमचे चौदाशेऐंशी आहेत.”

मकरंद तमिळ मुलखातल्या आवडी गावी, संरक्षण कारखान्यात राजभाषा अधिकारी होता. म्हणजे तमिळ माणसांनी इंग्रजीत लिहिलेली परिपत्रकं तो हिंदीत करायचा, ती कोणी वाचायचं नाही, आणि त्याबद्दल ‘समाधानकारक प्रगती’ असा तिमाही अहवाल तो दिल्लीला पाठवायचा. दिल्लीतही तो कोणी वाचत नसावं, कारण तिकडून कधी शंका आली नव्हती. ट्रायग्लिसराइडला राजभाषेत काय म्हणतात ते आठवण्यात त्याची पहिली दोन मिनिटं गेली. माणूस घाबरला की आपापला धंदा करतो.

“किती पिता?” डॉक्टरांनी विचारलं.

“मी पीत नाही.”

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. असं पाहायला त्यांना महाविद्यालयातच शिकवलं असावं.

“खरंच नाही, मॅडम. आमच्या घरात दारूचं नाव काढलेलं चालत नाही. वडील तिनेच गेले.”

“लिव्हर?”

“नाही, स्वादुपिंडाला सूज. एकदा वाचले. वर्षाने पुन्हा तसंच पोट दुखलं, तेव्हा नाही वाचले. सेहेचाळीस वर्षांचे होते.”

“त्यांना पिताना तुम्ही पाहिलं होतं?”

 हा प्रश्न मकरंदला उभ्या आयुष्यात कोणी विचारला नव्हता. त्याने स्वतःही विचारला नव्हता.

“नाही.”

“वास? झोकांड्या? बाटल्या?”

“नाही. उलट ते गणपतीची शपथ घेऊन सांगायचे, थेंब घेतलेला नाही म्हणून.”

“मग पितात हे कोणी सांगितलं?”

“डॉक्टरांनी.”

हरिप्रियाबाईंनी चष्मा काढला आणि पदराने पुसला. घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाची चूक दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

“तेव्हा लॅबवाले काही म्हणाले होते का? आठवतंय?”

“मी दहावीत होतो. आई सांगते, की नळीत रक्ताऐवजी दूध निघालं. वॉर्डातली माणसं बघायला आली होती म्हणे. आई म्हणायची, लोकांच्या रक्ताचं दारूने पाणी होतं, आमच्याकडे दूध झालं.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

“मिस्टर कोपरकर, त्यांचे कागद नाहीत, तेव्हा शपथेवर मी सांगणार नाही. पण दारू न पिताही रक्तात इतकी चरबी साचते. काही घराण्यांत ती येतेच. ती हजाराच्या वर गेली की स्वादुपिंड कधी पेटेल सांगता येत नाही. त्या काळी पुरुषाचं स्वादुपिंड सुजलं की दुसरं काही कोणी विचारायचं नाही. तुमचे वडील बहुतेक खरं बोलत होते.”

बाहेर कोणाचा तरी नंबर पुकारला गेला. 

“तूप तर मी दोन वर्षांपूर्वीच सोडलं,” मकरंद म्हणाला. काहीतरी आपल्या बाजूने बोलायला हवं होतं. “ऑफिसमधल्या वेंकटने सांगितलं, चरबी नको तर चरबी खाऊ नका. अंडंही सोडलं.”

“आणि धरलं काय?”

“भात. इडली. दोन्ही वेळा फळांचा रस.”

“साखर घालून?”

“ज्यूसवाला घालतो तेवढीच.”

मग हरिप्रियाबाईंनी त्याला समजावून सांगितलं. या आकड्याला तूप-तेल कमी हवंच. पण माणूस नुसती खाल्लेली चरबी रक्तात वागवत नाही. साखर, रस, भाताचे ढीग जे काही जास्तीचं येईल त्याची लिव्हर चरबी करतं आणि रक्तात सोडून देतं. मकरंदचं लिव्हर या बाबतीत जन्मतःच जरा जास्त कामसू होतं. कामसूपणा कोपरकरांच्या अंगात कुठे तरी होता, हे त्याला प्रथमच कळत होतं.

“रस आजपासून बंद. भात मुठीएवढा. रोज चालायचं. गोळ्या देते, थायरॉइड आणि शुगर तपासू. आणि तूप-साखर एकत्र असलेलं काही म्हणजे काही नाही. हलवा, केसरी, म्हैसूरपाक.”

“त्याची काळजी नको. शिरा तर आमच्याकडे वडील गेल्यापासून झालेलाच नाही.”

“छान,” डॉक्टर म्हणाल्या. “आणि इथे, वरच्या पोटात दुखून पाठीत कळ गेली, तर घरगुती उपाय करत बसायचं नाही. सरळ हॉस्पिटल. मुलगा आहे ना तुम्हाला? त्याचंही रक्त तपासा.”

मुलगा, अनय, ओरगडमच्या कार कारखान्यात होता. तिकडे नाश्त्याला केशरी रंगाचा केसरी, म्हणजे आपला शिराच, रोज मिळतो, हे त्याने मोठ्या कौतुकाने सांगितलेलं मकरंदला जिना उतरताना आठवलं.

पण खाली रस्त्यावर आल्यावर त्याला चौदाशेऐंशीचं काहीच वाटेनासं झालं. घरी जायला शेअर ऑटो मिळत होती, तरी तो चालत निघाला. निम्मं कारण डॉक्टरांचा हुकूम, निम्मं म्हणजे त्याला बसवेना. अण्णा प्यायले नव्हते! उन्हाने डांबर मऊ झालं होतं. कारखान्याची भिंत त्याच्या डाव्या हाताला मैलभर चालत होती. त्या भिंतीच्या आत अण्णांनी, म्हणजे शरदचंद्र कोपरकरांनी, वीस वर्षं लेथ चालवली होती आणि भिंतीबाहेरच्या क्वार्टर्समध्ये त्यांच्याबद्दल वीस मिनिटांत निकाल लागला होता.

क्वार्टर्समधल्या मराठी मंडळाचा गणपती अण्णाच बसवायचे. भटजी मिळत नसत, आणि अण्णांचं पाठांतर चोख, आवाज खणखणीत. पहिल्या दुखण्यातून उठून आले त्या साली मंडळाचे चार लोक घरी आले, तब्येतीची चौकशी केली, चहा घेतला आणि जाता जाता म्हणाले, यंदा तुम्हाला त्रास नको. पूजेला दुसरं कोणीतरी बसलं. मंत्र निम्मे चुकले. अण्णा मांडवाच्या शेवटी उभं राहून लोकांच्या हातावर मोदक ठेवत होते. त्या दिवशी मकरंदने प्रसाद घ्यायला पुढे जायचं टाळलं होतं. सोळाव्या वर्षी पोराला बापाची लाज वाटायला एवढंसं कारण पुरतं.

आता मात्र हे सगळ्यांना सांगायला हवं होतं. पण सांगायचं कोणाला, याचा हिशेब करता करता त्याची पावलं मंदावली. मंडळाचे अध्यक्ष निवृत्त होऊन पुण्याला गेले आणि तिथून वर गेले. सेक्रेटरी गेले. ज्यांनी मंत्र चुकवले तेही गेले. मंडळच गेलं, त्या हॉलमध्ये आता योगाचे वर्ग भरतात. अण्णा निर्दोष सुटले होते, पण कोर्टातले सगळे उठून घरी गेले होते.

उरली होती एक आई. म्हणजे मुख्य न्यायाधीशच.

घरी रंजनी स्वयंपाकघरात रसम उतरवत होती. ती तंजावरकडच्या मराठी घरातली. तिचं मराठी सासरी येऊन तीस वर्षांत बरंच सुधारलं होतं, म्हणजे बिघडलं होतं. मकरंदने ओट्याशी उभं राहून हळू आवाजात सगळं सांगितलं. आधी आकडा, मग वडील.

“अय्यो,” रंजनी म्हणाली. तिने गॅस बंद केला. “म्हणजे मामंजींनी कधी घेतलेली नाही?”

“नाही.”

“आणि आईंनी त्यांची तसबीर देवघरात लावू दिली नाही ती यासाठी.”

“आज लावू. आत्ता सांगतो तिला. किती बरं वाटेल बघ.”

 रंजनीने त्याच्या हातातली औषधाची पिशवी घेतली आणि गोळ्यांची पाकिटं ओट्यावर ओळीने मांडली.

जयवंतीबाई बाल्कनीत स्टुलावर बसून शेवग्याचा पाला खुडत होत्या. ऐंशी ओलांडली तरी त्यांच्या बोटांना डोळ्यांची गरज लागत नसे. डोळे खाली रस्त्यावर, बोटं काडीवर. त्यांनी त्याच्याकडे न बघताच विचारलं,

“काय म्हणाली रे डॉक्टरीण?”

मकरंद त्यांच्यासमोर खाली फरशीवर बसला. वाटेत त्याने वाक्य तयार केलं होतं. ‘अण्णा खरं बोलत होते.’ एवढंच. राजभाषेत केलं असतं तर परिच्छेद झाला असता. मराठीत चार शब्दांत बसत होतं. पण एकदम तिथे उडी कशी मारायची, म्हणून त्याने स्वतःपासून सुरुवात केली. चूक झाली असेल तर ती इथे झाली.

“रक्तात चरबी वाढलीय माझ्या. खूप. नळीत पांढरं आलं रक्त.”

बोटं थांबली.

“दुधासारखं?”

“हो. पण आई, ऐक—”

“दुधासारखं आलं?” त्यांनी आता त्याच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, वास घ्यावा तसं पाहिलं. “मक्या, तू पितोस?”

“अगं आई, तेच सांगायचंय. अण्णांचं जे—”

“त्यांचं नको सांगूस मला. त्यांचं मी डोळ्यांनी पाहिलंय. डॉक्टरने सगळ्या वॉर्डासमोर विचारलं, रोज किती घेतो तुझा नवरा? मी पदर तोंडावर घेतला. घरी आले तर हे गणपतीला हात लावून म्हणतात, घेत नाही. देवासमोर खोटं! मी म्हटलं, असू दे. भांडून काय होतं? शेजारच्या वसंता मामींचा भाऊ असाच होता. त्यांनी मला उतारा सांगितला.”

“कसला उतारा?”

“तुला आठवत नाही? गोड. पिणाऱ्याला भरपूर गोड घातलं की ती ओढ मरते, म्हणाल्या. रोज, दिवेलागणीच्या आधी. पाय बाहेर पडायच्या आत.”

बाल्कनीच्या कठड्यावर कावळा येऊन बसला, जयवंतीबाईंनी एक काडी त्याच्याकडे भिरकावली.

“एक दिवस चुकवला नाही मी,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज आता निराळा झाला होता. पाककृती सांगताना बायकांचा होतो तसा, थोडा वरचढ. “शिरा. तेही तूप सुटेपर्यंत. रव्याइतकी साखर, वर थोडी. नको म्हणाले की मी विचारायचे, मग कुठे भूक ठेवून निघालात? की मुकाट बसायचे आणि खायचे. एकदा पोटावर हात ठेवून म्हणाले, जयवंती, आज नको गं, दुखतंय. मी म्हटलं, शपथा खायला दुखत नाही, माझ्या हातचं खायला दुखतं का? तर खाल्ला. सगळा. ताटली पुसून खाल्ला.”

मकरंदच्या हातात शेवग्याची एक काडी आली होती. तो तिची पानं काढू लागला.

“आणि सांगू? उतारा लागू पडला. मी रोज तोंडाचा वास घ्यायचे, एकदाही आला नाही. डॉक्टर म्हणाला होता महिना-दोन महिने. मी वर्ष काढलं. पुरतं वर्ष.” त्यांनी पाल्याची टोपली गुडघ्यावर सारखी केली. “दुसरं काही जमलं नसेल मला. शाळा नाही, नोकरी नाही, ह्या मुलखात भाषासुद्धा धड आली नाही. पण एवढं केलं मी. नवऱ्याला वर्षभर मरणाच्या दारातून ओढून धरलं. देवाने विचारलं तर एवढं सांगेन.”

पतीला गोड खाऊ घालणं हा गुन्हा ठरवणारा कायदा अजून व्हायचा आहे. झाला असता तरी तो इथे लावायचा कोणी, हा प्रश्न होता. मकरंदची काडी संपली. त्याने दुसरी घेतली. अण्णा खरं बोलत होते, हे चार शब्द त्याच्या तोंडात होते. पण ते बाहेर काढले की त्यांच्या मागून पाचवा, सहावा, सातवा येणारच होता, आणि आई काही एखाद्या वाक्याशी थांबणारी बाई नव्हती. मग गेले कशाने, विचारलं असतं. नसतं सांगितलं तर डॉक्टरांकडे आली असती. त्याच्या प्रत्येक आजारात ती येत आलेली होती. आणि हरिप्रियाबाई तमिळमध्ये विचारत, इंग्रजीत समजावत, पण हलवा-केसरी दोन्ही भाषांत सारखंच होतं.

“बोल ना,” आई म्हणाली. “आईपासून काय लपवायचं? पितोस?”

दाराशी रंजनी पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन उभी होती. मकरंदने तिच्याकडे पाहिलं, मग पाल्याकडे.

“हो,” तो म्हणाला.

रंजनीच्या हातातला पेला तसाच राहिला.

जयवंतीबाई रडल्या नाहीत. उलट त्यांच्या अंगातला ताठा उतरला. त्यांनी हात पुढे करून त्याच्या केसांवरून फिरवला, पाल्याचा हिरवा वास लागलेला.

“कबूल तरी झालास. ते शेवटपर्यंत झाले नाहीत बघ. त्याचंच मला वाईट वाटत आलंय. पिण्याचं नाही एवढं.” मग थोडं थांबून, “कुठे पितोस?”

“तिठ्यावर. सरकारी दारूच्या दुकानात.”

“काय पितोस?”

मकरंदला नावं येत नव्हती. वेंकट सांगायचा, लहानपणी खोकल्यावर त्याची आई त्याला एक चमचाभर द्यायची, ते आठवलं.

“ब्रँडी.”

“किती?”

तिमाही अहवालात आकडे भरून भरून त्याचा हात बसलेला होता.

“दिवसाआड. अर्धी बाटली. पण आता प्रमाण कमी होत चाललंय. समाधानकारक.”

“कमी होईल,” जयवंतीबाई म्हणाल्या आणि कठड्याचा आधार घेऊन उठल्या. “मी आहे अजून.”

त्या भिंतीला धरत आत गेल्या. रंजनी बाल्कनीत आली. तिने पेला खाली ठेवला.

“अहो, हे काय सांगितलंत?”

“हळू.”

“हळू काय? खरं सांगा जाऊन. आत्ता जा.”

“काय सांगू? अण्णा प्यायले नव्हते?”

“हो.”

“मग गेले कशाने, ते तू सांगशील?”

 आतून फडताळ उघडल्याचा आवाज आला, मग वरच्या फळीवरचा डबा सरकवल्याचा. तूप त्या फळीवर दोन वर्षं लपवून ठेवलेलं होतं. लपवलेलं कुठे आहे ते घरात सगळ्यांना माहीत होतं.

“नुसतं नाही म्हणायचं होतं,” रंजनी पुटपुटली. “मी नाही पीत, एवढंच.”

“अण्णा तेवढंच म्हणायचे.”

रवा भाजल्याचा वास बाल्कनीपर्यंत आला. अण्णा गेल्यापासून या घरात तो वास आला नव्हता. सत्यनारायणालासुद्धा जयवंतीबाई प्रसादाला पेढे ठेवायच्या. लोक नाक मुरडत, पण त्या ऐकत नसत. शिरा त्यांच्या लेखी खाण्याचा पदार्थ राहिला नव्हता. तो औषधाच्या फळीवर गेला होता आणि रोगी गेल्यावर कोणी औषध करत नाही. मकरंदला त्या वासासरशी जुनी क्वार्टर दिसली. खिडकीखालचा पाट, त्यावर मांडी घालून बसलेले अण्णा, समोर आई. मोहरमच्या सुट्टीतसुद्धा. त्याला ते तेव्हा प्रेम वाटलं होतं. ते प्रेम नव्हतं असं आजही म्हणता आलं नसतं, हीच तर अडचण होती.

जयवंतीबाई स्टीलची ताटली घेऊन आल्या. वर बेदाणे होते. त्या स्टुलावर बसल्या आणि ताटली त्याच्या पुढ्यात ठेवली.

“आई,” रंजनी म्हणाली, “पोदुम, पुरे, एवढं कशाला? डॉक्टरांनी यांना गोड—”

मकरंदने मान हलवली. अगदी थोडी.

“—गोड बेतानं द्या म्हटलंय,” रंजनीने वाक्य संपवलं आणि तोंड रस्त्याकडे वळवलं.

“डॉक्टरांना काय कळतं? मागे त्यांनी कोणाला वाचवलं होतं? माझ्या शिऱ्याने वर्ष काढलं. खा रे.”

“थंड होऊ दे. चालून येतो, मग खातो.”

“चालून?” जयवंतीबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. “कुठे निघालास?”

तिठा घरापासून तीन गल्ल्या होता. डॉक्टरांनी चालायला सांगितलेला रस्ताही तिठ्यावरूनच जात होता. आवडीत दुसरा सपाट रस्ता नव्हता. मकरंदने अर्धवट उचललेलं अंग पुन्हा फरशीवर टेकलं.

“कुठे नाही.”

“शहाणा. अनयचंही बघायला हवं आता,” त्या म्हणाल्या. “असलं रक्तातून उतरतं.”

डॉ. हरिप्रियाही अगदी हेच म्हणाल्या होत्या. इतक्या वेगळ्या वाटेने निघून दोन माणसं एकाच जागी पोचल्याचं मकरंदने क्वचितच पाहिलं होतं.

“रविवारी बोलाव त्याला ओरगडमहून. मोठी कढई काढते.”

रंजनीने गोळी पाकिटातून काढली आणि पेल्याशेजारी ठेवली. तिच्याकडे कोणी पाहिलं नाही. मकरंदचा डावा हात नकळत पोटावर, वरच्या बाजूला जाऊन बसला होता. तो त्याने उचलून गुडघ्यावर ठेवला. उजव्या हातात चमचा घेतला. आई त्याच्या तोंडाकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं, की तो चेहरा बघण्यापेक्षा चमच्याकडे बघणं सोपं होतं.

त्याने पहिला घास घेतला.

“कसा झालाय?”

शिरा उत्तम झाला होता. इतक्या वर्षांत आईचा हात काहीच विसरला नव्हता.